हृदयाला बेचाळीस टक्के

यंदाही पेटीतले स्वेटर बाहेर निघाले आणि आमच्या धारच्या चौकात गराडूची गाडी उभी राहिली. गराडू हा माळव्यातला एक कंद. जमिनीतून निघतो तेव्हा त्याच्याकडे पाहून कोणाला भूक लागेल असं वाटत नाही. मातीने माखलेला, वेडावाकडा, जुन्या झाडाचं मूळ तोडून आणल्यासारखा. पण सोलून, फोडी करून, दोनदा तळून, वर तिखटमिठाचा मसाला भुरभुरून लिंबू पिळलं की चांगली शहाणीसुरती माणसं रांग मोडून पुढे घुसतात. मी गाडीपाशी पोचले तसा गाडीवाला झारा वर धरूनच म्हणाला, "दीदी, मसाला डालूँ? कि अभी भी बिना नमक का?"

"डाल भिया, पूरा डाल," मी म्हटलं.

त्याने मसाला घातला, पण हात जरा आखडताच ठेवला. एकदा हृदयाचं ऑपरेशन झालं की गावभर आपले डॉक्टर तयार होतात ते असे.

त्या हिवाळ्याला आता काही वर्षं झाली. त्या हिवाळ्यात मी गराडू फक्त नाकाने खाल्ला. मीठ कमी, तेल कमी, म्हणून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गाडीवाल्याला खास सांगून माझ्यासाठी चार फोडी बिनमिठाच्या आणवीत. बिनमिठाचा गराडू कसा लागतो ते सांगण्याजोगं नाही. पण थंडी पडली, तळणाचा वास आला, की मला आधी आठवतो तो तोच गराडू, गच्चीवरचं ऊन, छातीशी धरलेली उशी आणि माझ्या हृदयाला पडलेले मार्क.

मी इथल्या एका शाळेत सामाजिक विज्ञान शिकवते. माहेर देवासचं. आणि लहानपणापासून माझी ख्याती एकच: आळशी. कोणी रागाने म्हणायचं नाही. एखादीचे केस कुरळे असतात, एखादीचा रंग उजळ असतो, तशी मी आळशी होते. देवासच्या टेकडीवर देवीला जायचं झालं की बाबा पुढे झपाझप चढत. ते गणिताचे मास्तर, पायऱ्यासुद्धा पाढे म्हटल्यासारख्या चढायचे. मी अर्ध्या वाटेवर कुठेतरी बसकण मारायची आणि खालचं गाव बघत राहायची. वर पोचल्यावर बाबा लोकांना सांगत, "बेबीला चढायचा कंटाळा." मलाही ते पटलेलं होतं. शाळेत धावण्याची शर्यत असली की मी शिट्टीवाल्या मॅडमजवळ उभी राहून नावं लिहायची. लग्न होऊन धारला आले तर घर तीन मजली. खाली यजमानांचं शाळेच्या गणवेशांचं दुकान, मधे आम्ही, वर गच्ची. गच्चीवर पापड वाळत घालायला जाताना मी जिन्यात दोनदा थांबायची. एकदा शेजारच्या भाभींची तुळस बघायला आणि एकदा काही न बघायला. सासूबाई खालून ओरडत, "सूनबाई, पापड तिथेच वाळवते की काय?"

आळशी माणसाला एक सोय असते. त्याच्याकडून कोणी फार अपेक्षा करत नाही, आणि त्यालाही स्वतःबद्दल कसलं आश्चर्य वाटत नाही. मी सुखात होते.

एका पावसाळ्यात खोकला जडला आणि जाईना. गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरकडे गेले. त्याने नळी छातीला लावली आणि ऐकतच राहिला. मग डोळे मिटले. गाणं चांगलं लागलं की माणसं मिटतात तसे.

"मॅडम, ये बचपन से है क्या?"

"काय, खोकला?"

"नहीं. ये आवाज़."

मला कळेना, कसला आवाज आणि कसलं बचपन. त्याने इंदूरला पाठवलं. तिथे अंधाऱ्या खोलीत, डाव्या कुशीवर निजवून, छातीवर गार चिकट काहीतरी लावून माझं हृदय पडद्यावर दाखवलं. लाल-निळ्या रंगात रक्त पुढे जाताना दिसत होतं आणि मग त्यातलं बरंचसं, काहीतरी विसरल्यासारखं, उलटं माघारी येत होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. डाव्या बाजूच्या झडपेच्या एका पाकळीला जन्मापासून चीर होती. झडप मिटली तरी चीर उघडीच राहायची. हृदय दर ठोक्याला रक्त पुढे ढकलायचं आणि त्यातला मोठा वाटा मागे गळायचा. चाळीस वर्षं ते असं दुप्पट काम करत होतं आणि आता फुगायला लागलं होतं. ही चीर शिवायला हवी होती, आणि लवकर.

"आप को साँस फूलती होगी ना, सीढ़ी चढ़ने में?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं, "मला कंटाळा यायचा."

डॉक्टर पेन थांबवून माझ्याकडे बघत राहिले. परत येताना बसमध्ये हे, म्हणजे माझे यजमान, बराच वेळ खिडकीबाहेर सोयाबीनची शेतं बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे तू खरंच दमत होतीस?"

"मलाही आजच कळतंय," मी म्हटलं.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पदराने चष्मा पुसला, आणि गॅलरीत जाऊन शेजारच्या भाभींना हाक मारली. मला वाटलं रडतील. पण त्यांनी पहिलं काम केलं ते माझी अब्रू सावरण्याचं. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "भाभी, सुना क्या? हमारी बहू आलसी नहीं थी! उसका वॉल्व टपकता था!"

ऑपरेशन दिवाळी उरकून करायचं ठरलं. सासूबाई इंदूरला आल्याच. त्यांचं माहेर शिंप्यांचं, त्यांचे वाडवडील दरबाराचे अंगरखे शिवायला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांना आजाराचं नाव कळलं नव्हतं, पण 'चीर' आणि 'शिवणार' एवढे दोन शब्द पुरेसे होते. ऑपरेशन करणारे सर्जन भेटायला आले तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "टांका कौन सा डालोगे?"

सर्जन तरुण होते. ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, अगदी बारीक टाके घालून चीर मिटवायची, आणि मग झडपेच्या भोवती एक गोल पट्टी शिवायची, म्हणजे तिचा घेर पुन्हा पसरणार नाही.

"मतलब गोट लावणार," सासूबाई माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाल्या. "गोट लावला की कापड ताणत नाही. आणि नवीन नको हं साहेब, जितना बचे उतना उसी का रखना."

"वही करेंगे माताजी," सर्जन म्हणाले. "बदलना नहीं है, सुधारना है."

मला मात्र त्या दोघांच्या मधे निजल्या निजल्या, आपण दुरुस्तीला आलेला ब्लाउज आहोत असं वाटत होतं. हसू येत होतं आणि पाय गार पडले होते.

शुद्धीवर आले तेव्हा दुखण्याच्या आधी जाणवली ती शांतता. डाव्या कानाशी उशी असली की आत धप्, धप् असा आवाज माझ्या सोबतीला कायम असायचा. लहानपणापासून. तो सगळ्यांनाच ऐकू येतो अशी माझी समजूत होती. मी कधी कोणाला विचारलं नव्हतं; आपल्याला भिंतीवर सावली दिसते का असं कोणी कोणाला विचारतं का? आता तो आवाज नव्हताच. मी घाबरले. नर्सचा हात धरला आणि घशात नळीची आग होत असताना कसंबसं विचारलं, "सिस्टर, चालू है ना?"

ती सलाइन बघत होती. वळूनही न बघता म्हणाली, "चालू है, तभी तो पूछ रही हो."

घरी सोडण्याआधी पुन्हा त्या अंधाऱ्या खोलीत नेलं. झडप छान मिटत होती. गळती जवळजवळ नाहीच. पण हृदय एका ठोक्यात आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं त्याचा एक आकडा असतो, तो पडला होता. ऑपरेशनच्या आधी होता पासष्ट. आता आला बेचाळीस.

आमच्या घरात टक्के म्हटलं की एकाच माणसाला विचारायचं. ह्यांनी देवासला बाबांना फोन लावून माझ्या कानाशी धरला.

"किती आले?" बाबा.

"बेचाळीस."

"शंभरापैकी?"

"हो. टक्केच असतात ते."

"आधी किती होते?"

"पासष्ट."

पलीकडून खडूचा तुकडा ठेवावा तसा आवाज: "बेबी, यात कुठेतरी आकडेमोडीची चूक आहे. दुरुस्तीनंतर गुण कमी होत नाहीत."

"बाबा, शंभर कोणालाच मिळत नाहीत. पंचावन्नच्या वर असले की उत्तम, असं डॉक्टर म्हणतात."

"म्हणजे पेपरच साठ-सत्तरचा आहे?"

"तसंच समजा."

"मग तेहतीसला पास असेल," ते म्हणाले. "पास तर आहेस." आणि त्यांनी फोन ठेवला. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं हे मला कळलं, कारण त्यांनी 'ठेवतो' असं म्हटलं नाही.

घरी आल्यावर माझं राज्य म्हणजे मधल्या मजल्यावरचा पलंग आणि एक उशी. छातीचं हाड कापून पुन्हा तारेने बांधलेलं. खोकला आला, शिंक आली तर उशी घट्ट छातीशी धरायची अशी शिकवण होती. हसण्याबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी भाभी भेटायला आल्या. त्यांच्या दिराच्या साडूला धातूचं वॉल्व बसवलेलं, ते म्हणे घड्याळासारखं वाजतं. भाभींनी अगदी विश्वासाने माझ्या छातीजवळ कान आणला, ऐकलं, आणि चेहरा पाडून सासूबाईंना म्हणाल्या, "इसका तो बंद है."

मी हसले. आणि हसता हसता जे काय दुखलं, की डोळ्यांतून पाणी. सासूबाईंनी त्याच दिवसापासून घरात विनोदाला बंदी घातली. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि वर येणाऱ्या प्रत्येकाला बजावायच्या, "आत हसायचं नाही. जोक नाही. सीधी बात करायची आणि परत यायचं." परिणाम असा झाला की माणसं दहाव्याला आल्यासारखे चेहरे करून आत येत. ह्यांचा दुकानातला कारागीर, एरवी तोंडाने शीळ वाजवत काज करणारा, दोन्ही हात बांधून पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि जड आवाजात म्हणाला, "भाभीजी, बाकी सब ठीक?" त्याच्याकडे बघून मला इतकं हसू आलं की उशी दातात धरावी लागली. त्याला वाटलं वेदना. तो रडायला लागला. सासूबाई धावत आल्या आणि त्याला खुर्चीत बसवून पाणी देऊ लागल्या.

टाके दाखवायला इंदूरला गेलो तेव्हा बाबा देवासहून थेट तिथे आले. कोट घातलेला, कॉलरशी मफलर. डॉक्टरांच्या खोलीत शिरताच म्हणाले, "मी हिचा वडील. मला पुनर्मूल्यांकन हवंय."

"क्या?"

"रीचेकिंग. पैंसठ का बयालीस कैसे हो गया?"

मला वाटलं, आता ही जमीन दुभंगावी. पण डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "टीचर हैं?"

"गणित. रिटायर."

डॉक्टर पुढे झुकले. "सर, पहले वाले पैंसठ नकल के थे."

बाबा थबकले. परीक्षेतली नक्कल हा त्यांचा आयुष्यभराचा शत्रू. बोर्डाच्या पेपरला त्यांच्या वर्गात कोणी चिठ्ठी काढली तर ते चिठ्ठीसकट मुलाला बाहेर आणून झाडाखाली बसवायचे. डॉक्टर सांगत होते की आधी माझ्या हृदयाला मागच्या बाजूला उघडं भगदाड होतं. तिकडे रक्त ढकलायला काही जोर लागत नाही. ते सोपं सोपं रक्तही मोजणीत धरलं जायचं, म्हणून आकडा मोठा दिसायचा. आता मागचा रस्ता बंद. आता सगळं रक्त पुढेच, खऱ्या दाबाच्या विरुद्ध ढकलावं लागतंय. "अब पहली बार अपनी मेहनत से पेपर लिख रहा है," डॉक्टर म्हणाले. "बयालीस ईमानदारी के हैं."

बाबांनी मफलर सैल केला. त्यांच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते माझ्या कुठल्याही निकालाच्या वेळी बघितलं नव्हतं. "मग ठीक आहे," ते म्हणाले. "मग बेचाळीस चांगले आहेत." मग जरा थांबून, एकदम म्हाताऱ्या आवाजात, "और बढ़ेंगे?"

"ज़्यादातर बढ़ते हैं, सर. दिल थका हुआ है, आराम मिलेगा तो सँभलेगा. कुछ लोगों के नहीं बढ़ते, देर हो चुकी होती है. दवा लीजिए, रोज़ चलिए, तीन महीने बाद देखते हैं."

बाबा आमच्याबरोबर धारलाच आले. देवासच्या घराला कुलूप आहे की नुसती कडी, हेही त्यांनी फोन करून शेजाऱ्यांना विचारलं.

तो हिवाळा असा सुरू झाला. पौषाच्या दुपारी गच्चीवर सतरंजी टाकून मी उन्हात बसायची. बाबा पिशवीभर हिरवा हरभरा आणून शेजारी बसायचे, घाटे सोलायचे, दाणे माझ्या हातावर ठेवायचे. खाली दुकानात शिवणयंत्रं चालू असत. त्यांचा खडखडाट थांबला, दोरा भरायला वगैरे, की मी नकळत आतला आवाज ऐकायला कान द्यायची. काही ऐकू यायचं नाही. तो जुना धप् धप् आता नव्हता आणि नवीन हृदय बोलतच नव्हतं. एका दुपारी मला वाटलं, हे वाढणारच नसेल तर? देर हो चुकी असेल तर? मी टेकून बसलेली, ऊन अंगावर, हातात हरभरे, आणि मला रडूही येईना, कारण रडताना छाती हलते आणि ती दुखते. उशी घेऊन रडावं इतकं नाटक मला झेपणार नव्हतं. मी हरभरे खाल्ले. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सोलण्याचा वेग वाढवला.

सकाळी तलावाच्या काठाने चालायचं होतं. हे दुकान उघडायला जात, म्हणून सोबत बाबा. माझे ते बाबा, ज्यांची पाठच मी जन्मभर बघितली होती, ते आता माझ्या मागे चालायचे. अर्धं पाऊल मागे. मी हळू झाले की तेही हळू. पाण्यावर धुकं असायचं, बगळे काठाशी उभे, टपरीवर पोहे वाफेवर ठेवलेले. आम्ही बोलायचो नाही फारसं. बाबांना गणिताखेरीज काही बोलता येत नाही आणि मला गणित. एकदा मी जरा जास्तच लांब गेले आणि पाय जड झाले. मी काही म्हणणार इतक्यात मागून बाबा म्हणाले, "बेबी, थांब जरा. बसू या. मला कंटाळा आला."

ते बाकावर बसले. त्यांना दम लागलेला नव्हता. श्वास अगदी सरळ चालला होता. मीही बसले. बाबांनी मफलर काढून घडी घातली, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. "फार कंटाळा येतो गं," ते पाण्याकडे बघत म्हणाले. समोर एक बगळा उगाचच उडाला आणि त्याच जागी परत उतरला.

संक्रांत गेली. तिळाचे लाडू मला पुरेसे मिळाले, कारण त्यात मीठ नसतं. गव्हाला ओंब्या धरल्या. मीठ हळूहळू स्वयंपाकात परतलं, तेही चोरपावलांनी. सासूबाईंनी विनोदावरची बंदी आधी सौम्य विनोदांपुरती उठवली, मग संपूर्ण. बोर्डाच्या परीक्षा लागल्या आणि चौकात मुलं पुस्तकात बोट घालून चहा प्यायला लागली. माझीही परीक्षा आली.

त्या अंधाऱ्या खोलीत मी पुन्हा डाव्या कुशीवर. बाबा आणि हे बाहेर बाकावर. दार किलकिलं होतं, त्यामुळे बाहेरचं ऐकू येत होतं. बाबा ह्यांना सांगत होते, "जावईबापू, अठ्ठेचाळीस आले तरी मी समाधानी आहे. प्रगती महत्त्वाची." हे म्हणाले, "हो." बाबा म्हणाले, "सेहेचाळीस आले तरीही." हे म्हणाले, "हो." बाबा जरा वेळाने म्हणाले, "तेवढेच राहिले तरी चालेल." मशीनवाली मुलगी मला म्हणाली, "मॅडम, हिलिए मत," आणि मी म्हटलं, "मैं नहीं हिल रही." तेव्हा ती म्हणाली, "हँसिए भी मत." मी हसत नव्हते.

पंचावन्न.

डॉक्टरांनी बाबांना आत बोलावून सांगितलं, "सर, पूरे मार्क." बाबांनी मान डोलावली. डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि सोडायला विसरले. दुसऱ्या पेशंटला आत यायचं होतं तरी ते तसेच उभे. शेवटी मीच त्यांचा कोट ओढला.

यानंतर काय झालं ते सांगायला मला जरा लाज वाटते, पण लपवून उपयोग नाही, गल्लीला माहीत आहे. घरी आल्यावर चार दिवसांनी सासूबाईंनी उडदाचं पीठ भिजवलं, पोळपाट-लाटणं माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "चल सूनबाई, आता पापड लाटू. आता तर तुझं सगळं बरोबर आहे." मी दोन पापड लाटले. मग तिसऱ्यापाशी माझा हात थांबला. मी आत लक्ष दिलं. दम नव्हता, धडधड नव्हती, छातीत जडपणा नव्हता. सगळं उत्तम होतं. आणि मला पापड लाटायचा अजिबात मूड नव्हता.

"काय झालं?" सासूबाई घाबरून म्हणाल्या. "दुखतंय?"

"नाही."

"मग?"

"कंटाळा आला."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. लाटणं खाली ठेवलं. मग त्या इतक्या हसल्या की पीठ सांडलं. गॅलरीकडे जायला उठल्या, मी त्यांचा पदर धरला, "आई, भाभींना नका सांगू!" पण त्या काय ऐकताहेत.

फाल्गुनात बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी आम्हाला पीपलरावां या गावी बोलावलं. त्यांची तिथे शेती, गहू काढणीला आलेला, आणि बाबांना चार दिवस ठेवून घ्यायचं होतं. आम्ही बाबांना सोडायला गेलो. शेतात गव्हाच्या ओंब्या भाजल्या, हातावर चोळून, फुंकून खाल्ल्या. काळे झालेले हात घेऊन सगळे हसत होते. परतताना जीपने सोनकच्छला उतरलो, तिथून देवासची बस धरायची. मंडी भरलेली होती. गव्हाच्या ट्रॉल्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या, भुसा उडत होता, ट्रॅक्टरवाले हॉर्नवर हात ठेवूनच जगत होते. ह्यांच्या खांद्यावर सहकाऱ्यांनी दिलेली नव्या गव्हाची पिशवी. मला कोणी काही उचलू देत नव्हतं. माझ्या हातात फक्त पाण्याची बाटली.

आम्ही ट्रॉल्यांमधून वाट काढत असतानाच देवासची बस निघाली. मागच्या दारात उभा असलेला कंडक्टर "देवास-इंदौर, देवास-इंदौर" असं ओरडत होता, पण बस काही थांबत नव्हती.

मी धावले.

ठरवून नाही. माझ्याकडून ठरवून हे झालंच नसतं. साडीचा काठ एका हातात, बाटली दुसऱ्या, ट्रॉलीच्या बाजूने, एका बसलेल्या गायीला वळसा घालून, मी धावत होते. धावू नका असं मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी धावेन हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, अगदी डॉक्टरांच्याही. मी बसच्या पत्र्यावर हात आपटला. "रोको! रोको भिया!" बस थांबली. मी दांडा धरून वर चढले आणि मागे वळून ओरडले, "अहो, या लवकर!"

हे धुळीतून येत होते. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर, चेहरा लालबुंद, मला हाताने थांब, थांब अशी खूण करत. त्यांना वाटत होतं मी मरेन. कंडक्टरने त्यांना हात देऊन वर ओढलं आणि बस हलली.

दोघं सीटवर कोसळलो. माझं हृदय जोरजोरात धडधडत होतं. इतकं, की मी घाबरून छातीवर हात ठेवला. ह्यांनीही माझ्या हातावर हात ठेवला, बोलायला श्वास नसल्यामुळे डोळ्यांनीच विचारत होते. बसमधल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. खिडकीबाहेर गहू पिवळा उभा, मग कापलेलं रान, मग पुन्हा गहू. मी वाट बघत होते की आता काहीतरी होईल. छाती धडधडत राहिली, धडधडत राहिली, आणि मग, मी काही न करता, जराशी हळू झाली. मग आणखी जराशी. पुढचं गाव येईपर्यंत ती शांत झाली होती. धावून बस धरलेल्या कोणत्याही माणसाची होते तशी.

ह्यांचा श्वास मात्र अजून जाग्यावर आला नव्हता. मी झाकण उघडून बाटली त्यांच्यापुढे धरली.